ओसरीवर कोण बसणार?

भातशेतीतले शब्द गोळा करण्याचा उद्योग मी आणि माझ्या चार विद्यार्थ्यांनी काही वर्षे चालविला आहे. आमची घोटी भाताची बाजारपेठ. राब, आवणी, खाचर, लोंबी हे शब्द कोशात धुंडाळावे लागत नाहीत, गिरणीच्या दारात उभे राहिले की कानांवर पडतात. हा संग्रह आम्ही इंटरनेटवर ठेवला आणि त्या जागेचे वर्षाचे भाडे सुटावे म्हणून गूगलमार्फत जाहिराती घेतल्या.

या जाहिरातींची गंमत अशी, की त्या आपण निवडत नाही. कुणी पान उघडले की त्याच क्षणी रिकाम्या चौकोनाचा लिलाव होतो आणि सरस बोलीवाला तेथे येऊन बसतो. परिणामी 'आवणी' या शब्दाखाली, गुडघाभर चिखलात वाकून रोपे लावणाऱ्या बायांच्या वर्णनाला चिकटून, 'घरबसल्या लखपती व्हा' झळकले! दुसऱ्या दिवशी ज्योतिषीबुवा, तिसऱ्या दिवशी वजन उतरविणारी पूड.

असे वर्गच्या वर्ग बंद करण्याची सोय असते. मात्र बोली लावणारे घटले की लिलाव थंडावतो, हे घोटीकरांना समजावून सांगायला नको.

"सर, जाहिरात आपली थोडीच आहे? वाचणाऱ्याला अक्कल असतेच की," विद्यार्थी म्हणाले. सौ.चे मत उलट: "आपल्या ओसरीवर कुणाला बसू द्यायचे, ते आपणच बघायचे."

गांधीजींनी 'यंग इंडिया' आणि 'नवजीवन' ही पत्रे जाहिरातींवाचून चालविली. पण ते गांधीजी! १९०९ साली का. र. मित्रांच्या 'मनोरंजन'ने दिवाळी अंकाची प्रथा पाडली. आज असा अंक साड्या-सोन्याच्या जाहिरातींवाचून निघेल काय? ताईत-मंत्रांनी रोग बरे करण्याच्या जाहिरातींना १९५४ च्या कायद्याने मनाई केली, पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांच्या जाहिरातींना २०२५ च्या. उरलेल्यांचे काय करायचे, ते ज्याचे त्याने पाहावे.

झटपट श्रीमंतीवर आम्ही लगेच फुली मारली. आमची पाने वाचणाऱ्यांत पदवी घेऊन नोकरी शोधणारी पोरे आहेत. त्या जाहिरातीचे गिऱ्हाईक तीच. पुडीवरही वाद झाला नाही. ज्योतिषावर मात्र दोन संध्याकाळी गेल्या. राशिभविष्य कोणत्या दिवाळी अंकात नसते? आमच्या घरी तर तेच आधी वाचतात! (या सदराचा नंबर त्यानंतर.) पण अंकातले भविष्य वाचून माणूस पान उलटतो. त्या चौकोनावर बोट ठेवले, की पलीकडे दक्षिणा मागणारा बसलेला असतो. तोही बंद केला.

यंदा भाडे पुरते सुटले नाही. कमी पडले ते मी भरले, सौ.ने हिशेब विचारला नाही. ट्रॅक्टर आणि कुकर अजून येतात. त्यांनी खुशाल बसावे.