वाघिणीचे दूध आणि समानार्थाचा रकाना

इंग्रजीला ‘वाघिणीचे दूध’ म्हणण्याचा प्रघात विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या नावाशी जोडला गेला आहे. १८७४ मध्ये ‘निबंधमाला’ सुरू करणाऱ्या शास्त्रीबुवांना इंग्रजीचे सामर्थ्य मान्य होते, मराठीचा अभिमानही होता, आणि या दोहोंत काही विरोध आहे असे त्यांना वाटत नव्हते. तो शब्दप्रयोग दीडशे वर्षे वक्तृत्वस्पर्धांतून फिरतो आहे. पण त्यातली एक साधी गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. ज्या देशाची ही भाषा, त्या देशाच्या रानात वाघ नाही. परकी भाषा कशी आहे हे सांगण्यासाठी मराठीने प्राणी निवडला तो आपल्या सह्याद्रीतला. एक भाषा दुसरीचे स्वागत करते ते असे, स्वतःच्या अनुभवाच्या पाटावर बसवून.

आज शाळा-महाविद्यालयांत इंग्रजी वाक्प्रचार ज्या रीतीने शिकवले जातात, ती रीत याच्या नेमकी उलट आहे. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीच्या वर्गातच इंग्रजी आली. त्या मागोमाग मार्गदर्शक पुस्तकांचा पूर आला, आणि प्रत्येकात ते ठरावीक पान आले: डावीकडे इंग्रजी वाक्प्रचार, उजवीकडे ‘समानार्थी’ मराठी म्हण, आणि मध्ये बरोबरीचे चिन्ह. प्राण्यांवरचे वाक्प्रचार तर या पानाचे विशेष लाडके, कारण दोन्हीकडे कुत्रे, मांजर, साप, मासा हजर असतात आणि जोड्या झटपट लागतात. आमचा आक्षेप इंग्रजीला नाही, म्हणी पाठ करण्यालाही नाही. आक्षेप त्या मधल्या चिन्हाला आहे. ते खोटे आहे, आणि त्या खोटेपणाची किंमत आमचे विद्यार्थी दोन्ही भाषांत मोजतात.

आम्ही सिंधुदुर्गात मराठी शिकवतो. आमच्या वर्गांत सावंतवाडी तालुक्याच्या टोकाला तेरेखोलच्या काठी असलेल्या आरोंद्यासारख्या गावांतून मुले येतात. एका बाजूस खाडी, पलीकडे गोव्यातला पेडणे तालुका, मध्ये किरणपाण्याचा पूल. या मुलांना प्राणी पुस्तकातून भेटत नाहीत. म्हणून समानार्थाच्या रकान्याची परीक्षा घ्यायला आरोंद्याइतकी योग्य जागा नाही.

मगरीपासून सुरुवात करू. ‘क्रोकोडाइल टिअर्स’ म्हणजे ‘नक्राश्रू’ किंवा ‘मगरीचे अश्रू’, असे रकाना सांगतो. पण ही मराठी म्हण नव्हे, इंग्रजीचे शब्दशः भाषांतर आहे. संस्कृत पेहराव चढवल्यामुळे ते जुने दिसते इतकेच. मगर माणसाला खाताना रडते ही समजूत मँडेव्हिलच्या नावावर चौदाव्या शतकात पसरलेल्या प्रवासवर्णनात आहे आणि शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’पर्यंत ती पोहोचली आहे. ती दूर देशीच्या नवलांच्या गोष्टी घरी बसून ऐकणाऱ्यांची मगर आहे. अस्सल मराठी म्हणीतली मगर वेगळी आहे: ‘सुसरबाई, तुझी पाठ मऊ’. इथे बोलणारा मगरीच्या पाठीवर बसलेला आहे. पाठ खडबडीत आहे हे त्याला कळते. पण पैलतीर गाठायचा आहे, म्हणून तो मऊ म्हणतो. इंग्रजीत ढोंग मगरीचे, मराठीत ढोंग माणसाचे! बलवानापुढे दुबळ्याला करावी लागणारी खुशामत या चार शब्दांत जितकी उघडी पडते, तितकी मोठमोठ्या लेखांतही पडत नाही. आणि खाडीपलीकडे गोव्यात, फोंडा तालुक्यातल्या दुर्भाटच्या परिसरात, पौष अमावास्येला चिखलाची मगर थापून तिची पूजा करतात. ‘मांगे थापणी’ म्हणतात त्या विधीला. भीती, आर्जव आणि पूजा असा हा मगरीशी असलेला संबंध. त्याच्यावर ‘नक्राश्रू’चे लेबल चिकटवले की विद्यार्थ्याला मँडेव्हिलही कळत नाही आणि सुसरबाईही हातची जाते.

दुसरा बळी बकऱ्याचा. ‘स्केपगोट’ बरोबर ‘बळीचा बकरा’, असे सगळीकडे छापलेले असते. मूळ शब्द १५३० मध्ये विल्यम टिंडलने बायबलचे भाषांतर करताना घडवला. लेवीय ग्रंथातल्या त्या विधीत दोन बकरे आहेत. एक कापला जातो. दुसऱ्याच्या डोक्यावर समाजाची पापे ठेवून त्याला जिवंत रानात हाकलून देतात. ‘स्केपगोट’ तो हा दुसरा. मराठीतला बकरा मात्र मरतो, आणि तो कुणाचे पाप वाहत नाही. त्याच्या जिवावर दुसऱ्याचे कार्य सिद्धीस जाते. एकाच्या माथी दोष आहे, दुसऱ्याच्या मानेवर सुरी. या दोन बकऱ्यांतला फरक कळणे म्हणजे दोन संस्कृतींतला अपराधाचा आणि बळीचा विचार कळणे. बी.ए.च्या विद्यार्थ्याने हा फरक विचारायचा नाही, तर कोणी विचारायचा?

माशांकडे आलो की रकाना अगदीच उघडा पडतो. इंग्रजीत संशयास्पद गोष्टीला ‘फिशी’ म्हणतात. तिला माशाचा वास येतो. आरोंद्यात माशाचा वास म्हणजे काय? आगोटीला, पावसाळ्याच्या बेगमीसाठी, घरोघरी सुके बांगडे आणि गोलमो भरतात तेव्हा तो वास येतो, आणि तो पुढच्या चार महिन्यांच्या निश्चिंतीचा वास असतो. ज्या मुलाच्या घरी हा वास आहे, त्याला ‘फिशी’ म्हणजे ‘संशयास्पद’ एवढे घोकायला लावून पुढे जाणे ही शिकवण नव्हे. स्वतःच्या घराच्या वासाची लाज बाळगण्याचा तो पहिला धडा आहे. शिक्षकाने थांबून विचारावे: हा वास संशयाचा कुणाला वाटला असेल? मासा शिळा होऊन बाजारात पोहोचतो तिथल्याला की होडीतून उतरवून घेतो त्याला?

याउलट ‘रेड हेरिंग’ पाहा. रकान्यात त्याच्यासमोर फक्त ‘दिशाभूल’ असते. खरे तर तो मीठ लावून, धुरावर सुकवलेला लालसर मासा, म्हणजे आपल्या खाऱ्या बांगड्याचा दूरचा नातेवाईक. १८०७ मध्ये विल्यम कॉबेट या इंग्रज पत्रकाराने एक गोष्ट लिहिली: लहानपणी शिकारी कुत्र्यांना सशाच्या मागावरून हटवण्यासाठी आपण असा उग्र वासाचा मासा फरफटत नेला होता. हेतू होता त्या काळच्या वर्तमानपत्रांची टवाळी करण्याचा. ही गोष्ट आरोंद्याच्या मुलाला सांगा; त्याला तो वाक्प्रचार लंडनच्या मुलाहून लवकर कळेल, कारण तो वास त्याच्या नाकात आहे. जिथे खरोखर जवळीक होती, तिथे रकान्याने ती दाखवली नाही; जिथे दुरावा होता, तिथे बरोबरीचे चिन्ह मारून ठेवले.

घोड्याची कथा आणखी मासलेवाईक. ‘डार्क हॉर्स’साठी रकान्यात ‘छुपा रुस्तम’ येतो. मराठी कमी पडली म्हणून हिंदीची उसनवारी! डिझरेलीच्या १८३१ मधल्या ‘द यंग ड्यूक’ या कादंबरीतला तो घोडा शर्यतीत उतरलेला आहे आणि पैजा लावणाऱ्यांना त्याची माहिती नाही. तो स्वतः काही लपवत नाही. रुस्तम मात्र जाणूनबुजून लपलेला आहे. अज्ञान पाहणाऱ्यांचे की कावा खेळणाऱ्याचा, हा भेद बरोबरीच्या चिन्हाखाली चिरडून गेला.

आता हाच रकाना उलट दिशेने मराठीत कसा शिरला आहे ते पाहावे. अलीकडे मराठी अग्रलेखांत ‘खोलीतला हत्ती’ दिसू लागला आहे. सर्वांना दिसतो पण कोणी बोलत नाही, तो प्रश्न. २००२ पासून कर्नाटकातून आपल्याच जिल्ह्यातल्या दोडामार्ग तालुक्यात रानहत्ती येऊ लागले. केळी, माड, भातशेती तुडवली गेली. तिथला हत्ती खोलीत नसतो, बागेत असतो, आणि गावात दुसऱ्या कशाविषयी बोलणेच होत नाही. मराठीत पूर्वी दारी हत्ती झुलत असे तो वैभवाचा, आणि हत्ती जाऊन शेपूट अडकत असे ते शेवटच्या अडचणीचे. आम्ही शब्दांचे सोवळे पाळणारे नव्हेत. ‘एका दगडात दोन पक्षी’ इंग्रजीतून आले आणि मराठीत मुरले; ते परत पाठवा असे म्हणणे वेडेपणाचे ठरेल. पण आलेल्या पाहुण्याला घरात जन्मलेला म्हणून सांगणे वेगळे, आणि त्याला जागा करून देण्यासाठी घरच्यांना बाहेर काढणे त्याहून वेगळे.

बाहेर काढलेल्यांत सर्वांत आधी नंबर लागतो तो बोलीचा. रकान्याच्या उजव्या बाजूला जी मराठी असते, ती आरोंद्याची नसते. ‘सरड्याची धाव कुंपणापर्यंत’ ही तिथे असते. आमचा विद्यार्थी घरी ऐकतो ‘सरड्याची धाव वंयपर्यंत’. ‘कोंबो झाकलो म्हणान उजवाडाचा रवना नाय’ हे त्याच्या आजीचे वाक्य कुठल्याच रकान्यात नसते. उत्तरपत्रिकेत ‘वंय’ लिहिली की लाल शाईची रेघ ठरलेली. किरणपाण्याचा पूल ओलांडला की हाच ‘वंय’ शब्द कोंकणीचा म्हणून मानाने वावरतो. ती भाषा १९८७ मध्ये गोव्याची राजभाषा झाली आणि १९९२ मध्ये राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत गेली. एकच सरडा पुलाच्या त्या टोकाला भाषा बोलतो आणि या टोकाला चूक करतो! आणि हे आपल्या परंपरेला धरूनही नाही. मोल्सवर्थने १८३१ मध्ये आपला मराठी-इंग्रजी कोश प्रसिद्ध केला तेव्हा कोकणातल्या आणि देशावरच्या शब्दांची नोंद त्याने वेगळी ओळख ठेवून केली होती. दाते आणि कर्वे यांनी ‘महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश’ रचून मराठी वाक्प्रचारांचे भांडार उभे केले. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्याचे सोहळे आपण सर्वांनी केले. अभिजात भाषेच्या वर्गात आजीची म्हण चूक ठरत असेल, तर तो दर्जा नेमका कुणाला मिळाला?

यावर आम्हांला नेहमी दोन उत्तरे ऐकवली जातात. पहिले असे की नवशिक्याला काही आधार तर हवा. ओळखीची म्हण दिली की अर्थ लवकर बसतो. आधार हवाच. पण अर्थ सांगणे आणि समानार्थी म्हण चिकटवणे या दोन भिन्न क्रिया आहेत. ‘दुसऱ्याचा दोष ज्याच्या माथी मारला जातो तो’ असे साध्या मराठीत सांगितले तर नवशिक्याचे काय अडते? दुसरे उत्तर परीक्षेचे. स्पर्धा परीक्षेत जोड्या विचारतात, आम्ही काय करणार? ज्याला ती परीक्षा द्यायची आहे त्याने जोड्या जरूर पाठ कराव्यात. पण आपल्या मराठी प्रश्नपत्रिकेची जुनी रीत ‘अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा’ अशी आहे. तिला बरोबरीच्या चिन्हाची गरज कधीच पडली नाही. वाक्यात उपयोग करताना कोण कुणाला, कोणत्या प्रसंगी बोलतो हे ठरवावे लागते, आणि वाक्प्रचाराचा जीव तिथेच असतो.

म्हणून आमचे म्हणणे थोडक्यात असे. वाक्प्रचार शिकवताना आधी त्याचा अर्थ सरळ वाक्यात सांगावा. मग तो प्राणी कुठून आला, शर्यतीच्या मैदानातून, बायबलातून की शिकारीच्या रानातून, हे सांगावे. तिसरी पायरी म्हणजे बोलणारा माणूस त्या प्राण्यापासून किती अंतरावर उभा आहे, हे विद्यार्थ्यालाच शोधू द्यावे. आणि शेवटी त्याला विचारावे: तुझ्या घरी या प्राण्याविषयी काय म्हणतात? जे उत्तर येईल ते फळ्यावर त्याच्याच शब्दांत, ‘वंय’सकट लिहावे. उत्तर जुळले तर आनंद, न जुळले तर अधिक आनंद, कारण खरा तास तिथे सुरू होतो. यासाठी इंग्रजीच्या आणि मराठीच्या अध्यापकांना एकत्र बसावे लागेल. एकाच अध्यापक-कक्षात वर्षानुवर्षे पाठीला पाठ लावून बसलेल्या या दोन विभागांना ते जमू नये इतके काही ते अवघड नाही.

वाघिणीचे दूध पचवायचे तर आधी ते वाघिणीचे आहे हे मान्य करावे लागते. दारच्या गाईच्या चरवीत ओतून ‘हे तेच’ म्हणून वाटल्याने ते पचत नाही, आणि गाईचाही त्यात अपमान होतो. बरोबरीचे चिन्ह गणितवाल्यांना परत करावे. भाषेच्या वर्गात त्याचे काम नाही.