खटल्याआधीची शिक्षा

२३ फेब्रुवारी २०२५ ला दुबईत भारत-पाकिस्तान क्रिकेट सामना झाला. त्या वेळी देशविरोधी घोषणा दिल्याच्या तक्रारीवरून मालवणात एका भंगार व्यावसायिकाच्या कुटुंबावर गुन्हा नोंदला गेला. दुसऱ्याच दिवशी नगरपरिषदेने त्याचं दुकान जमीनदोस्त केलं आणि स्थानिक आमदारांनी प्रशासनाचे जाहीर आभार मानले. तक्रार खरी की खोटी, हे साक्षीपुरावा आणि उलटतपासणीतून ठरायचं असतं. मालवणात त्याची सुरुवातही व्हायच्या आत एका माणसाची रोजीरोटी गेली होती.

याच्या साधारण तीन महिने आधी, १३ नोव्हेंबर २०२४ ला, सर्वोच्च न्यायालयाने नेमक्या याच प्रकाराबद्दल निर्देश दिले होते. केवळ आरोप आहे म्हणून कुणाचं बांधकाम पाडता येणार नाही आणि दोषी कोण, हे प्रशासनाने ठरवायचं नाही. बांधकाम बेकायदा असलं तरी कारणे दाखवा नोटीस आणि किमान पंधरा दिवसांची मुदत हवी. रस्ता, पदपथ, नदीपात्र अशा सार्वजनिक जागेवरच्या अतिक्रमणाला हे संरक्षण नाही, हेही न्यायालयाने सांगितलं. मालवणचा दुकानदार नोटीस मिळालीच नाही म्हणत सर्वोच्च न्यायालयात गेला आणि मार्च २०२५ मध्ये त्याच्या अवमान याचिकेवर न्यायालयाने नोटीस काढली. दुकान अतिक्रमणात होतं असं नगरपरिषदेला वाटत असेल, तर ते सिद्ध करण्याची रीतसर वाट तिच्यापुढे मोकळी होती.

दुकान पाडलं जाण्याच्या सहा महिने आधी याच गावाने दुसरा संताप पाहिला होता. राजकोट किल्ल्यावरचा छत्रपती शिवरायांचा पुतळा २६ ऑगस्ट २०२४ ला कोसळला. अनावरणाला पुरते नऊ महिनेही झाले नव्हते. लोक चिडले आणि ते चिडणं रास्त होतं. शिल्पकार आणि संरचना सल्लागार असे दोघे अटकेत गेले. पुतळ्यासाठी आपली सल्लागार म्हणून नेमणूकच झाली नव्हती, असा दुसऱ्याचा मुद्दा होता. त्याची दखल घेत मुंबई उच्च न्यायालयाने नोव्हेंबरात त्याला जामीन दिला. जानेवारी २०२५ मध्ये शिल्पकारालाही जामीन मिळाला. ‘सुटले’ म्हणून अनेकांनी हळहळ व्यक्त केली. पण जामिनावर बाहेर असलेल्या आरोपीवरचा खटला जिवंतच असतो. पुतळा का पडला याचं उत्तर हवं असेल, तर ते पुराव्यातून येईल. दोघांना आणखी काही महिने कोठडीत ठेवून ते मिळालं नसतं.

ज्याच्याविषयी कुणाच्या मनात दयेचा लवलेश नव्हता, त्या मुंबई हल्ल्यातल्या कसाबलाही महाराष्ट्राने सरकारी खर्चाने वकील दिला. त्याच खटल्यात दोन भारतीय आरोपींची विशेष न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत निर्दोष मुक्तता झाली. लोकांच्या मताने निकाल लागला असता, तर ते दोघे फासावर गेले असते.

गावातल्या साध्या माणसावर पोलीस ठाण्याची पायरी चढायची वेळ मच्छीमारांच्या भांडणातून येते, बांधाच्या वादातून येते, मोटारसायकलच्या अपघातातून येते. तेव्हा त्याला काय ठाऊक असतं? १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. अटकेचं कारण सांगणं, नातेवाइकाला कळवणं, प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यांसमोर उभं करणं, चौकशीदरम्यान वकिलाला भेटू देणं हे सगळं पोलिसांवर बंधनकारक आहे. वरळीच्या एका अपघात प्रकरणातून उद्भवलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये आणखी एक पाऊल टाकलं. अटकेची कारणं आरोपीला कळणाऱ्या भाषेत, लेखी द्यायची. त्या क्षणी शक्य नसेल तर तोंडी सांगायची, पण लेखी प्रत रिमांडसाठी हजर करण्याच्या किमान दोन तास आधी हातात पडली पाहिजे. देवगडच्या हापूस बागांत राखणीला नेपाळी माणसं असतात. त्यांच्यातल्या कुणाला अटक झाली, तर मराठी कागदावर नुसता अंगठा घेऊन यापुढे भागणार नाही.

खरी गाडी अडते ती जामीन मंजूर झाल्यावर. न्यायालय जामीनदार मागतं, जामीनदाराकडे सातबारा मागितला जातो. कोकणातला सातबारा म्हणजे सामायिक नावांची लांबलचक यादी: निम्मे भाऊबंद मुंबईत, काही मयत, वारसनोंद राहिलेली. घरची कलमं आणि माड असूनही ऐपत कागदावर दाखवता येत नाही. परप्रांतीय खलाशाकडे तर तेवढाही कागद नसतो. १९७८ मध्ये मध्य प्रदेशातल्या एका गवंड्याच्या बाबतीत असंच झालं होतं. जामीनदार भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून दंडाधिकाऱ्यांनी त्याला नाकारलं. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्यावर कडक शब्दांत ताशेरे ओढले. ३१ जानेवारी २०२३ च्या निर्देशांतही सर्वोच्च न्यायालयाने स्थानिक जामीनदाराच्या अटीवर बोट ठेवलं. जामीन होऊन सात दिवसांत कैदी सुटला नाही, तर तुरुंग अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं आणि महिनाभरात जामीनदार मिळाला नाही, तर अट शिथिल करण्याचा विचार न्यायालय स्वतःहून करू शकतं. एखाद्याची आई सातबारे गोळा करत वाडीवाडीतून फिरत असते, तिला हे कुणीतरी सांगायला हवं.

सांगणारे आहेत. कोठडीतल्या कोणत्याही माणसाला, त्याचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळण्याचा हक्क १९८७ च्या विधी सेवा कायद्यातच आहे. १५१०० या क्रमांकावर फोन करता येतो. ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात बसतं आणि सिंधुदुर्ग त्याच्या कक्षेत येतो. त्यामुळे जामिनाच्या अर्जासाठी मुंबईची वारी टळली आहे.

राहतो तो पोलीस ठाण्यातला फलक. अटक झालेल्यांची नावं, पत्ते आणि गुन्ह्याचं स्वरूप ठळकपणे प्रदर्शित करायला नवी संहिता सांगते. मालवण, देवगड, वेंगुर्ला, सगळ्या ठाण्यांत त्याच फलकाशेजारी मराठीत आणखी चार ओळी लागाव्यात: अटकेची कारणं लेखी मागा, नातेवाइकाला कळवायला सांगा, मोफत वकील मागा आणि १५१०० हा फोन नंबर. बार असोसिएशन आणि विधी सेवा समितीने मनावर घेतलं, तर पुढच्या मासेमारी हंगामाआधी हे होऊ शकतं.