पाल पाळायची म्हणता?

वस्तीतल्या पोरांच्या हाती मोबाईल आला आणि त्यांचे हट्टही बदलले. पूर्वी लव्हबर्डची जोडी किंवा काचेच्या पेटीतले मासे यावर भागत असे. आता सातवी-आठवीतला मुलगा म्हणतो, "मला लेपर्ड गेको पाहिजे." त्याने फोटो दाखवला की आई ओरडते, "अगं बया, ही तर पालच की!"

आईचे बरोबर आहे. ती पालच, पण आपल्या भिंतीवरची नव्हे. हिच्या बोटांना चिकटण्याच्या गाद्या नसतात, म्हणून ती भिंतीवर चढत नाही. हिला पापण्या असतात, डोळे मिटून झोपते. अंगावर बिबट्यासारखे ठिपके. मूळची अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि वायव्य भारतातल्या कोरड्या, खडकाळ मुलखातली. तिच्या बहिणी आपल्या महाराष्ट्रातही आहेत. सातपुड्यातली एक जात तर शास्त्रज्ञांनी २०१४ साली नव्याने नोंदवली. रानात ती दिसली की लोक विषारी समजून दगडाने ठेचतात. वास्तविक भारतातल्या कोणत्याही पालीला विष नाही. पाल अंगावर पडल्याचे फळ पंचांगात कोष्टक करून छापतात. पालीला त्या कोष्टकाची खबर नसते.

भीती गेली म्हणून लगेच विकत आणावी, असे मात्र मी म्हणणार नाही. आधी हिशेब मांडू. नीट सांभाळली तर ही पाल पंधरा ते वीस वर्षे जगते. आज बारा वर्षांचा असलेला मुलगा तोवर तिशीला टेकेल. मधल्या काळात तो शिकायला पुण्याला गेला, तर रातकिडे कोण घालणार? आईच ना!

होय, रातकिडेच. भात, भाकरी, दूध, भाजी यातले काही तिला चालत नाही. जिवंत किडेच लागतात, आणि तेही वरून कॅल्शियमची पूड लावून. नाहीतर हाडे मऊ पडून पाय वाकतात. घरातले झुरळ पकडून घालू नये, त्याच्या पोटात फवाऱ्याचे औषध असू शकते. मोठ्या पालीला दोन-तीन दिवसांआड खाणे पुरते. पाणी उथळ झाकणात रोज ताजे ठेवावे.

तिच्या अंगात स्वतःची ऊब नसते. पेटीच्या एका टोकाची जमीन एकतीस-बत्तीस अंश गरम हवी, दुसरे टोक पंचविसाच्या आसपास. कोल्हापुरातल्या डिसेंबरच्या रात्री त्यासाठी विजेची गादी आणि तिचे तापमान आवरणारे यंत्र, दोन्ही लागते. उलट एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या खोलीत आपलाच जीव कासावीस होतो, तिथे बंद पेटीतल्या जिवाचे काय होईल? दोन्ही टोकांना लपायला जागा द्यावी, एकीत ओलसर फडके ठेवावे, म्हणजे कात नीट निघते. काढलेली कात ती स्वतःच खाते, घाबरू नये. खाली वाळू घालू नये; किड्याबरोबर ती पोटात जाऊन आतडे तुंबते. जुने वर्तमानपत्र उत्तम आणि फुकट.

तिचा स्वभाव शेपटीवरून कळतो. शेपटी जाड म्हणजे चरबी साठलेली, तब्येत ठीक. बारीक झाली तर जनावरांच्या डॉक्टरला दाखवा. शेपटी उंच करून सावकाश हलवली तर ती बिथरली आहे, हात मागे घ्या. टोक भरभर थरथरले तर नजर भक्ष्यावर आहे. शेपटी धरून उचलले तर ती तोडून पळते. नवी येते, पण आखूड आणि बेढब. दिवसभर झोपते, तेव्हा मुलांनी उठवू नये. दोन नर एकत्र ठेवले तर रक्त निघेपर्यंत भांडतात. हाताळल्यावर साबणाने हात धुणे सक्तीचे. पालीच्या विष्ठेतून पोट बिघडवणारे जंतू येतात. घरात तान्हे मूल असेल तर हा विषय तूर्त मिटवावा.

माळावरची पाल तर पकडून आणूच नये. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली आहे. कुठली जात पाळता येते, याबद्दल विक्रेत्याच्या तोंडी शब्दावर विसंबू नका. वनखात्याच्या कार्यालयात जाऊन विचारा आणि खरेदीची पावती मागा. पावती देत नसेल तर तिथून उठून या.