सवलत नव्हे, हक्काचा वेळ



बारावीचा निकाल लागला की आपल्या गप्पांत टक्के, कॉलेज आणि प्रवेश याशिवाय दुसरं काही नसतं. त्या गप्पांत काही आया मात्र गप्प बसतात. लेकराला शाळेत 'एलडी'चं सर्टिफिकेट मिळालेलं असतं. आता कॉलेजात ते दाखवायचं की कपाटात ठेवून द्यायचं, हा त्यांचा प्रश्न असतो. माझं मत सरळ आहे. दाखवायचं, आणि प्रवेश झाल्याबरोबर दाखवायचं.

एलडी म्हणजे अध्ययन अक्षमता. बुद्धी कमी असण्याशी तिचा संबंध नाही. कुणाला वाचताना अक्षरं पटकन ओळखू येत नाहीत, कुणाला मनातलं कागदावर उतरवता येत नाही, कुणाचा आकड्यांशी मेळ बसत नाही. तेच मूल तोंडी विचारलं तर धडाधड उत्तरं देतं. दहावी झाली म्हणून ही अडचण संपत नाही, ती आयुष्यभर सोबत असते.

उलट कॉलेजात ती जास्त जाचते. शाळेत आई शेजारी बसून धडा वाचून दाखवते, बाईंना मूल माहीत असतं. कॉलेजच्या वर्गात शंभर मुलं, जाड पुस्तकं, आणि उतरवून होण्याआधीच पुसला जाणारा फळा. हुशार मुलं पहिल्याच वर्षी नापास होतात आणि आपण म्हणतो, कॉलेजची हवा लागली.

अनेक आयांना वाटतं की सवलती बारावीपर्यंतच असतात. तसं नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमता स्पष्टपणे आहे. केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांनुसार लेखी परीक्षेत तासाला किमान वीस मिनिटं जादा द्यायची असतात, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. गरज असेल तर लेखनिक, ज्याला आपण रायटर म्हणतो, तोही मिळतो. ४० टक्के किंवा त्याहून जास्त अक्षमतेचा दाखला असेल, तर सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत किमान पाच टक्के राखीव जागांसाठीही अर्ज करता येतो. २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने तर सांगितलं की ४० टक्क्यांची अट दाखवून लेखनिक नाकारता येणार नाही.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. २०१८ सालच्या नियमांप्रमाणे या दाखल्यासाठी चौदाव्या आणि अठराव्या वर्षी पुन्हा तपासणी करावी लागत असे, आणि अठराव्या वर्षीचा दाखला कायमचा असे. दहावीच्या वेळचा कागद घेऊन पदवीच्या खिडकीशी उभं राहिलात, तर परत पाठवू शकतात. तपासणीची तारीख मिळायला वेळ लागतो. परीक्षा तोंडावर आल्यावर धावाधाव करण्यात अर्थ नाही.

काही जणी म्हणतात, "जादा वेळ म्हणजे बाकीच्या मुलांवर अन्याय नाही का?" चष्मा लावून पेपर लिहिणाऱ्या मुलीबद्दल आपण असं म्हणतो का? उत्तर तिला स्वतःलाच यावं लागतं. वेळ फक्त वाचण्या-लिहिण्यात जाणारी मिनिटं भरून काढतो. "पुढे नोकरीत कोण वेळ देणार?" असंही विचारतात. पण नोकरीत तीन तास हाताने कोण लिहितं? तिथे कॉम्प्युटर असतो, चुका दाखवणारी सोय असते.

आता खरं कारण बोलूया. मुलगी असेल तर आई दाखला लपवते, कारण उद्या स्थळं बघायची आहेत. ही भीती खोटी नाही, ती आपल्याच बोलण्यातून तयार झाली आहे. पण दाखला लपवून वाचनाची अडचण लपत नाही. फक्त पदवी हुकते, आणि मुलगी स्वतःला 'ढ' समजत राहते. तिच्या पायावर उभं राहण्यापेक्षा स्थळ मोठं आहे का?

कुणी सहज बोलून जातं, "ज्ञानावरणीय कर्माचा उदय, दुसरं काय!" कर्मसिद्धांत आपण सगळ्याच मानतो. पण तत्त्वार्थसूत्र हेही सांगतं की दुसऱ्याच्या ज्ञानात अडथळा आणल्याने त्याच कर्माचा आस्रव होतो. मग त्या लेकराची सोय अडवणाऱ्यांनी आधी स्वतःकडे बघायला हवं.

आणि श्रुतपंचमी आपण कशासाठी साजरी करतो? आगमाचं ज्ञान गुरूकडून शिष्याकडे तोंडीच येत होतं. स्मरणशक्ती क्षीण होत चालली हे धरसेन आचार्यांनी ओळखलं, म्हणून पुष्पदंत आणि भूतबली या मुनींना त्यांनी शिकवलं आणि पुढे षट्खंडागम लिहिला गेला. पाठ राहत नाही म्हणून त्यांनी कुणाला नापास केलं नाही, ज्ञान पोचवण्याची रीत बदलली. मग ज्या मुलाला लिहिणं जमत नाही, त्याने उत्तर सांगावं आणि दुसऱ्याने लिहावं, यात कमीपणा कसला?

आपल्याला करता येण्यासारखंही बरंच आहे. प्राध्यापकांना भेटून वर्गात रेकॉर्डिंगची परवानगी मागा, नोट्स आधी मिळतील का विचारा. मोबाईल पुस्तक वाचून दाखवतो, ते मुलाला शिकवा. आपल्या महिला मंडळाने लेखनिकांची यादी करावी. लेखनिक शिक्षणाने परीक्षार्थीपेक्षा खालचा असावा असा नियम साधारणपणे असतो, त्यामुळे आपल्या अकरावी-बारावीच्या मुली हे काम सहज करू शकतील. कॉलेजचा नेमका नियम आधी विचारून घ्या.

पाठशाळेला आपण कपाटं देतो, पुस्तकं देतो, त्याला ज्ञानदान म्हणतो. कुणाच्या तरी लेकरासाठी तीन-चार तास बसून त्याचा पेपर लिहून देणं हेही ज्ञानदानच आहे. येत्या परीक्षेच्या आधी मंडळाच्या बैठकीत हा विषय जरूर काढा.