मोर्चाला येऊ न शकणाऱ्यांनाही विचारा

क्रांती चौकात राहणाऱ्यांना मोर्चाचं अप्रूप उरलेलं नाही. चौकातल्या पुतळ्याजवळ घोषणा सुरू झाल्या की आम्ही खिडक्या लावून घेतो. दिव्यांगांच्या मागण्यांसाठीही माणसं इथे जमतात, तीनचाकीवर, कुबड्या घेऊन. त्यांचं निवेदन निदान कोणीतरी हातात घेतं. पण ज्या घरातल्या तिशीच्या मुलाला तासभरही एकटं ठेवता येत नाही, त्या घरातून मोर्चाला कोण येणार? अशा घरांचं म्हणणं सरकारपर्यंत जायला एकच वाट उरते, ती म्हणजे सर्वेक्षण. आणि नेमका तिथेच आपला कारभार ढिसाळ आहे.

2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे 29 लाख 63 हजार दिव्यांगांची नोंद झाली, तीही आठ प्रकारांत. 2016 च्या कायद्याने प्रकार 21 केले, तरी बोलताना आकडा तोच जुना. 2018 मध्ये राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाची 76 वी फेरी झाली. त्यात प्रमाणपत्र असलेले दिव्यांग निघाले अवघे 28.8 टक्के. त्यानंतर दिव्यांगत्वाची कार्डं वाढली असतील, पण केवळ कार्डांच्या यादीवरून योजना आखल्या तर यादीबाहेरची घरं कायम बाहेरच राहणार.

मला जास्त खटकतो तो त्याच पाहणीतला दुसरा आकडा. काळजी घेणारं माणूस आहे, असे 62.1 टक्के, हवं आहे पण मिळत नाही, असे फक्त 0.3 टक्के. वाचणाऱ्याला वाटावं, प्रश्न मिटला! अहो, आमच्या ओळखीच्या घरांत हे ‘माणूस’ म्हणजे आई. तिने सत्तरी गाठली, गुडघे गेले, कित्येक वर्षांत ती कुणाच्या लग्नाला मुक्कामी गेली नाही. फॉर्मवर मात्र ‘आहे’. ‘आमच्यानंतर याचं काय?’ हा प्रश्न पालक भेटले की पहिल्या पाच मिनिटांत निघतो. त्या आकड्यात तो कुठेच दिसत नाही.

आमच्याकडेही एकदा पाहणीवाले आले होते. माझा मुलगा 27 वर्षांचा, दारात माझ्या शेजारीच उभा. प्रकार, टक्केवारी, कार्ड नंबर झाल्यावर त्याच्याकडे न बघता मला विचारलं, “हा बोलतो का?” मुलगाच म्हणाला, “बोलतो.” फॉर्मवर खूण झाली, मंडळी पुढच्या घरी. थांबले असते तर त्याने सांगितलं असतं की त्याला सिटी बसने एकट्याने जायचंय. मी सांगितलं असतं की जालना रोड त्याला एकट्याने ओलांडू देणार नाही. दोन्ही उत्तरं खरी. त्याला हवं प्रवासाचं प्रशिक्षण, मला हवा विसावा. घरच्यांचं उत्तर घेऊन प्रौढ माणसाची गरज ठरवून टाकणं हा अन्याय आहे, मग ते उत्तर माझं का असेना.

जनगणना येतेच आहे, असं कोणी म्हणेल. फेब्रुवारी 2027 मध्ये डोकी मोजली जातीलही, पण असे बारीक प्रश्न जनगणनेच्या आवाक्यातले नव्हेत. ते महापालिकेने विचारावेत. अठरानंतर शाळा सुटली की मुलगा दिवसभर असतो कुठे? सांभाळणाऱ्याचं वय काय? सांभाळणारेच उद्या दवाखान्यात भरती झाले तर रात्री याच्याजवळ कोण? 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडून कायदेशीर पालकत्व घेता येतं, हे घरात ठाऊक तरी आहे का? नावं गाळून उत्तरं वॉर्डवार जाहीर केली, तर दिवसभराचं केंद्र कुठे हवं आणि चार दिवस मुक्कामाची सोय कुठे, हे कागदावर दिसेल. स्थानिक संस्थांनी स्वउत्पन्नातला 5 टक्के निधी दिव्यांगांसाठी राखायचा नियम आहेच. तीनचाक्या वाटू नका असं मी म्हणत नाही. पण जो येऊन मागतो त्याच्याच मागणीवर हा निधी संपला, तर घरात अडकलेल्यांच्या वाट्याला काय येणार?

पाहण्यांना लोक कंटाळलेत, हे खरं आहे. माहिती न्यायची आणि परत तोंड दाखवायचं नाही, याचा तो कंटाळा आहे. म्हणून अट एकच : सहा महिन्यांत त्याच घरांना सांगा, काय कळलं आणि त्यातलं काय करणार.

एका वॉर्डात करून बघा. आमच्यापासून सुरुवात केलीत तर सोबत दारोदार फिरायला आम्ही पालक तयार आहोत. फक्त संध्याकाळी पाचनंतर या. दुपारी सांभाळणाऱ्यांचा कुठे जरा डोळा लागलेला असतो.

— एक पालक,
क्रांती चौक परिसर, छत्रपती संभाजीनगर