जिंजूचा तराजू : कोरियातील एका प्रांताची ओळख



सॅमसंगचा टीव्ही, एलजीचे वॉशिंग मशीन या वस्तू आज आपल्या वस्त्यांतही पोहोचल्या आहेत. मुली मोबाईलवर कोरियन मालिका पाहतात. पण हा कोरिया आहे कसा, तिथला कष्टकरी माणूस जगतो कसा, असे कुणी विचारले तर आपण गप्प बसतो. म्हणून या वेळी दक्षिण कोरियातील एका प्रांताची ओळख करून घेऊ. प्रांताचे नाव ग्योंगसांग-नाम-दो. 'नाम' म्हणजे दक्षिण आणि 'दो' म्हणजे प्रांत. आपण त्याला दक्षिण ग्योंगसांग म्हणू. हाच प्रांत का निवडला, ते पुढे कळेलच.

जमीन आणि पाणी

हा प्रांत कोरियाच्या आग्नेय कोपऱ्यात आहे. क्षेत्रफळ सुमारे साडेदहा हजार चौरस किलोमीटर, म्हणजे जवळजवळ आपल्या सातारा जिल्ह्याएवढे. लोकसंख्या बत्तीस लाखांच्या आसपास, तीही साताऱ्याशी मिळतीजुळती. पश्चिमेला जिरीसान पर्वत आहे. त्याचे शिखर १,९१५ मीटर उंच असून १९६७ मध्ये हा पर्वत कोरियाचे पहिले राष्ट्रीय उद्यान झाला. नाकडोंग ही दक्षिण कोरियातील सर्वांत लांब नदी या प्रांतातून वाहत जाऊन बुसानजवळ समुद्राला मिळते. दक्षिणेचा किनारा वेडावाकडा, खाडी आणि बेटांनी भरलेला.

डोंगराळ भागात शेतजमीन थोडी. नदीकाठी भात पिकतो. मिर्यांग आणि जिंजू भागात प्लास्टिकच्या घरांत स्ट्रॉबेरी पिकवतात. हादोंगचा चहा, नामहे बेटाचा लसूण आणि तोंगयोंगची कालवे प्रसिद्ध आहेत. कालवे म्हणजे आपल्या कोकणात खडकावरून फोडून काढतात तीच. तोंगयोंगला मात्र त्यांची समुद्रात दोरांवर शेती करतात.

कारभार कसा चालतो?

प्रांतात ८ शहरे आणि १० ग्रामीण परगणे आहेत. प्रांताचा प्रमुख गव्हर्नर. पूर्वी तो वरून नेमला जाई. १९९५ पासून लोक त्याला दर चार वर्षांनी मतदानाने निवडतात. प्रांताची विधानसभा, शहरांचे महापौर आणि परगण्यांचे प्रमुखही निवडून येतात. शिक्षण खात्याचा प्रांतिक प्रमुखसुद्धा लोकच निवडतात, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

राजधानीची कथा गमतीची आहे. १८९६ मध्ये जुना ग्योंगसांग प्रांत उत्तर आणि दक्षिण असा विभागला तेव्हा दक्षिणेची कचेरी जिंजूला होती. जपानी राजवटीत १९२५ साली ती बुसान बंदरात नेली. १९६३ मध्ये बुसान प्रांतातून वेगळे काढून थेट केंद्राच्या ताब्यात दिले. तरी प्रांताची कचेरी पुढची वीस वर्षे बुसानमध्येच राहिली. म्हणजे घर एका गावात आणि सातबारा दुसऱ्या गावात! १९८३ मध्ये ती चांगवॉनला आली. १९९७ मध्ये उल्सान हे औद्योगिक शहरही प्रांतातून वेगळे झाले. २०१० मध्ये मासान आणि जिन्हे ही दोन शहरे चांगवॉनमध्ये विलीन करून सुमारे दहा लाख वस्तीचे एक शहर केले.

कारखाने आणि घाम

१९७० मध्ये मासान येथे निर्यातीसाठी खास औद्योगिक क्षेत्र उघडले. परदेशी कंपन्यांना करसवलती दिल्या आणि कामाला खेड्यांतून आलेल्या तरुण मुली घेतल्या. १९७४ पासून चांगवॉनला यंत्रसामग्रीचे कारखाने उभे राहिले. एलजीचे फ्रिज आणि वॉशिंग मशीन तिथे बनतात. दिल्ली मेट्रो २००२ मध्ये सुरू झाली, तिच्या पहिल्या गाड्या चांगवॉनच्या कारखान्यातून आल्या होत्या. साचॉन येथे विमाने बनतात आणि २०२४ मध्ये कोरियाच्या अवकाश संस्थेची कचेरीही तिथे सुरू झाली. सॅमसंगचे संस्थापक याच प्रांतातल्या उइर्योंगचे, एलजीचे संस्थापक जिंजूचे.

पण खरी जड कामे गोजे बेटावर चालतात. तिथे जगातील दोन मोठे जहाज कारखाने आहेत. त्यांतील ओकपोच्या कारखान्यात २०२२ च्या उन्हाळ्यात जे घडले ते प्रत्येक कंत्राटी कामगाराने वाचावे. या धंद्यात मंदी आली तेव्हा ठेकेदारांकडील कामगारांचा पगार सुमारे ३० टक्क्यांनी खाली आला होता. पुन्हा ऑर्डरी येऊ लागल्या, पण पगार तिथेच राहिला. जूनमध्ये कंत्राटी कामगारांनी संप पुकारला. एका वेल्डरने जहाजाच्या तळाशी एक मीटर लांब, एक मीटर रुंद, एक मीटर उंच असा लोखंडी पिंजरा केला आणि स्वतःला आत बंद करून घेतले. ३१ दिवस तो त्यात बसून होता. पाय पसरायलाही जागा नव्हती.

संप ५१ दिवस चालला. पगारवाढ मिळाली ती साडेचार टक्के. वर कंपनीने संघटनेच्या पुढाऱ्यांवर ४७ अब्ज वोनच्या नुकसानभरपाईचा दावा ठोकला. साध्या कामगाराच्या सात पिढ्यांनी फेडली तरी ही रक्कम फिटणार नाही. त्या पिंजऱ्यावरून देशभर चर्चा झाली. अखेर ऑगस्ट २०२५ मध्ये कोरियाच्या संसदेने कामगार कायद्यात दुरुस्ती केली. ठेकेदाराच्या कामगारांशीही मूळ कंपनीने बोलणी करावीत आणि संपाबद्दलच्या भरपाईच्या दाव्यांना मर्यादा असावी, अशी ती दुरुस्ती आहे.

दवाखान्याचा ताळेबंद

मी वाणिज्य शाखेचा माणूस, आयुष्य खतावणीत गेले. म्हणून जिंजूच्या सरकारी दवाखान्याची हकिगत मला विशेष लागली. हा दवाखाना १९१० पासून गोरगरिबांना उपचार देत होता. २०१३ मध्ये गव्हर्नर होंग जून-प्यो यांनी तोटा आणि कामगार संघटनेचे कारण पुढे करून तो बंद केला. कर्मचारी आणि रुग्णांच्या नातेवाईकांनी आंदोलन केले, पण उपयोग झाला नाही. पुढे २०१५ मध्ये त्याच इमारतीत प्रांताची पश्चिम विभागाची कचेरी थाटली. जिथे खाटा होत्या तिथे टेबले आली. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, असा निर्णय गव्हर्नरला एकट्याने घेता येत नाही, त्याला विधानसभेचा ठराव लागतो. पण तोवर दवाखाना राहिलाच नव्हता. निकाल मिळाला, उपचार मिळाले नाहीत. याच गव्हर्नरच्या काळात २०१५ मध्ये शाळेतील मोफत जेवणाचे अनुदानही थांबले होते. पालकांनी ओरड केली आणि पुढे ते पूर्ववत झाले.

दुकानाचा नफा-तोटा आणि दवाखान्याचा नफा-तोटा एकाच वहीत मांडता येत नाही. बरा होऊन कामावर गेलेला मजूर जमेच्या कोणत्या रकान्यात लिहायचा, ते आम्हा कारकुनांना कुणी शिकवलेले नाही.

हेइन्सा आणि राणीची दंतकथा

हापचॉन परगण्यात गाया डोंगरावर हेइन्सा हा विहार आहे. त्याची स्थापना इ. स. ८०२ ची. तेराव्या शतकात मंगोलांच्या स्वाऱ्या चालू असताना कोरियन लोकांनी संपूर्ण त्रिपिटक लाकडी ठशांवर कोरले. ते ऐंशी हजारांहून अधिक ठसे या विहारात आहेत. ज्या दालनांत ते ठेवले त्यांच्या खिडक्या खाली-वर लहान-मोठ्या आकाराच्या आहेत, त्यामुळे हवा खेळती राहते आणि लाकूड कुजत नाही. १९५१ मध्ये कोरियन युद्धात या डोंगरावर बाँब टाकण्याचा हुकूम झाला होता. किम यंग-ह्वान या वैमानिक अधिकाऱ्याने तो पाळला नाही, म्हणून हा ठेवा वाचला. १९९५ मध्ये युनेस्कोने त्या दालनांची जागतिक वारशात नोंद केली.

गिम्हे शहरात एका राणीची समाधी दाखवतात. ती इ. स. ४८ मध्ये 'आयुता' देशातून समुद्रमार्गे आली, असे तेराव्या शतकात एका भिक्खूने लिहिलेल्या ग्रंथात आहे. आयुता म्हणजे अयोध्या असे मानून २००१ मध्ये अयोध्येत तिचे स्मारकही झाले. पण इतिहासकार हिला दंतकथाच मानतात. आपणही पुरावा मागायची सवय सोडू नये.

जिंजूचा तराजू

आता ज्या कारणासाठी हा प्रांत निवडला त्याकडे येतो. कोरियात 'बेकजोंग' नावाचा एक समाज होता. जनावरे कापणे, कातडी कमावणे, टोपल्या विणणे ही त्यांची कामे. त्यांना गावाबाहेर राहावे लागे. कौलारू घर बांधायचे नाही, रेशीम नेसायचे नाही, इतरांसारखी टोपी घालायची नाही. लग्नात नवऱ्याला घोडा नाही, नवरीला पालखी नाही. दुसऱ्यांच्या लहान पोरासमोरही वाकून, आदराने बोलायचे. हे वाचताना आपल्या आजा-पणजाची आठवण झाल्याशिवाय राहत नाही.

१८९४ मध्ये सरकारने हे भेद कायद्याने रद्द केले. पण नोंदवहीत त्यांच्या नावापुढे वेगळी खूण राहिलीच. १९०९ मध्ये जिंजूच्या चर्चमध्ये मिशनऱ्यांनी सर्वांना एकत्र प्रार्थनेला बसवले, तेव्हा इतर ख्रिस्ती उठून निघून गेले. शाळेत मुले घेत नसत. देव बदलला तरी शेजारी बदलला नव्हता.

अखेर एप्रिल १९२३ मध्ये जिंजू येथे बेकजोंगांनी 'ह्योंगप्योंगसा' ही संघटना स्थापन केली. 'ह्योंग' म्हणजे तराजू आणि 'प्योंग' म्हणजे समान. ज्या तराजूने ते मांस तोलत, ज्यामुळे लोक त्यांना हीन समजत, तोच तराजू त्यांनी समतेची खूण म्हणून उचलला. जांग जी-पिल हे त्यांच्यातले शिकलेले पुढारी होते, तर कांग सांग-हो हे वरच्या वर्गातले असूनही सोबत उभे राहिले. विरोध ताबडतोब झाला. जिंजूतील शेतकऱ्यांनी मोर्चे काढले, त्यांच्याकडून मांस घेऊ नका असा बहिष्कार पुकारला. तरी चळवळ देशभर पसरली आणि मुख्य कचेरी सोलला गेली.

आता तारखा जुळवून पाहा. त्याच १९२३ च्या ऑगस्टमध्ये मुंबई कायदेमंडळात बोले यांचा सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा ठराव संमत झाला. ठराव कागदावर राहिला म्हणूनच १९२७ मध्ये बाबासाहेबांना महाडच्या तळ्यावर जावे लागले. जिंजूच्या लोकांना महाड ठाऊक नव्हते आणि महाडच्या लोकांना जिंजू ठाऊक नव्हते. पण कायदा झाला की काम संपले असे नसते, हे दोघांनाही आपापल्या अनुभवातून कळले होते.

१९३५ मध्ये संघटनेचे नाव बदलले, ती धनिकांच्या हाती गेली आणि मावळली. पुढे युद्ध झाले, गावे उठली, लोक शहरांत मिसळले. आज कोरियात कुणाला बेकजोंग म्हणून ओळखत नाहीत. १९९६ मध्ये जिंजूत या चळवळीचे स्मारक उभारले गेले. त्यांची जात पुसली गेली, आपली अजून दाखल्यावरच नव्हे तर भाड्याच्या खोलीच्या दारातही विचारली जाते. हा फरक का पडला, याचा आपल्या अभ्यास मंडळांनी विचार करावा. एकट्या कायद्याने तो पडलेला नाही, एवढे नक्की.

या रविवारी मुलांसमोर जगाचा नकाशा उघडा. कोरियाच्या दक्षिण टोकाला बुसान शोधा, तिथून थोडे पश्चिमेला बोट सरकवा. तिथे जिंजू आहे. मुलांना तराजूची गोष्ट सांगा, आणि पिंजऱ्यातल्या वेल्डरचीही सांगा.