हजेरीवहीतली रिकामी घरं

1 ऑक्टोबर जवळ आला की आपल्या ज्येष्ठ नागरिक संघांत लगबग सुरू होते. संयुक्त राष्ट्रांनी डिसेंबर 1990 मध्ये हा दिवस ज्येष्ठांसाठी ठरवून दिला. आपण त्याचा साचा पक्का केला: पंच्याहत्तरी पूर्ण केलेल्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार, पाहुण्यांचं लांबलेलं भाषण आणि शेवटी बटाटेवडा. वड्याला आमचा मुळीच विरोध नाही. हरकत आहे ती वर्षाचे उरलेले दिवसही याच साच्यात काढण्याला.

पुण्यात पहाटे तळजाईला किंवा वेताळ टेकडीला जाऊन बघा. सत्तरीतली माणसं चाळिशीतल्यांना मागे टाकून चढत असतात. यातले कितीतरी आपलेच सभासद. तीच मंडळी संध्याकाळी 5 वाजता विरंगुळा केंद्रात येतात, आणि आपण त्यांना दीड तास खुर्चीवर बसवून मधुमेहावर व्याख्यान ऐकवतो. पुढच्या महिन्यात मृत्युपत्र, त्याच्या पुढच्या महिन्यात गुडघे, मग पुन्हा मधुमेह.

जागतिक आरोग्य संघटनेने 2020 मध्ये सांगितलेला आठवड्याला 150 मिनिटांचा व्यायाम टेकडीवाले सहज करतात. त्याच सूचनांमधली दुसरी गोष्ट मात्र आपल्या केंद्रांच्या वेळापत्रकात दिसत नाही: पासष्टीनंतर आठवड्यातून किमान 3 दिवस तोल आणि ताकद राखणारे व्यायाम. याला ना यंत्रं लागतात ना अनुदान. खुर्ची धरून एका पायावर उभं राहायचं, हाताचा आधार न घेता खुर्चीतून उठायचं आणि सावकाश बसायचं, भिंतीकडेने टाचेला चवडा लावत चालायचं. फक्त खुर्ची प्लास्टिकची नको, ती घसरते. लोखंडी किंवा लाकडी घ्या, भिंतीला टेकवा, आणि पहिले काही दिवस फिजिओथेरपिस्टला बोलवा. सातच जण आले म्हणून चिटणिसांनी खट्टू होऊ नये. डॉ. मदन कटारियांनी 1995 मध्ये मुंबईच्या एका बागेत हास्यक्लब सुरू केला तेव्हा पाचच जण होते.

पण खरा मुद्दा आलेल्यांचा नाहीच. आमच्या संघाच्या हजेरीवहीत एका सभासदाच्या नावापुढे आधी रोज सही होती, मग आठवड्यातून दोनदा, आणि नंतर सलग चार महिने रिकामी घरं. कॅरमला त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. आम्ही ठरवून टाकलं की ते मुलाकडे बंगळुरूला गेले असतील. शेवटी वर्गणीच्या निमित्ताने एक जण घरी गेला, तर गृहस्थ गॅलरीत पेपर वाचत बसलेले. तब्येत ठणठणीत. म्हणाले, "अहो, प्रोस्टेटमुळे तासाभरात उठावं लागतं. तुमच्या शौचालयाला कुलूप. किल्ली शिपायाकडे, शिपाई चहाला. चारचौघांत रोज किल्ली कोण मागणार?"

कुलूप आम्हीच लावलं होतं. बाहेरचे लोक वापरतात म्हणून. ठराव मंजूर झाला तेव्हा सूचक-अनुमोदक सगळे हजर होते आणि सध्या हे लिहिणारा माणूस सभेच्या अध्यक्षस्थानी होता.

तेव्हापासून आम्ही वही उलटी वाचायला लागलो. कोण आलं यापेक्षा कोण यायचं थांबलं हे बघायचं. कारणं आजारपणाची असतील असं वाटलं होतं, निघाली साधीच. मोतीबिंदूनंतर अंधार पडल्यावर परतायला भीती वाटते, कारण गल्लीतला दिवा बंद आहे. जोडीने यायच्या त्या बाई यजमान गेल्यावर एकट्या येईनात, कारण दारात शिरल्याबरोबर पुरुषांचा रमीचा डाव. बऱ्याच जणींना तर 5 ची वेळच चालत नाही. नातवंडं शाळेतून आलेली असतात. दुपारी 2 ते 4 दालन रिकामं पडलेलं असतं, ते त्यांच्या हाती किल्लीसकट द्यायला काय हरकत आहे? तिथे भजनच करायचं की टेबल टेनिस खेळायचं, ते त्या ठरवतील.

आणि एक कारण कोणी तोंडावर सांगत नाही: पैसे. पेन्शन नसलेला सभासद सहलीच्या वर्गणीचा आकडा ऐकतो आणि त्या दिवशी त्याच्या भाचीचं लग्न निघतं. खासगी गाडीच हवी असा हट्ट आपण का धरतो? ऑगस्ट 2022 पासून राज्यात पंच्याहत्तरीपुढच्यांना एस.टी. मोफत आहे, 65 ते 75 वयाला अर्धं तिकीट. स्वारगेटहून वाईला जायचं, घाटावर डबे सोडायचे, संध्याकाळी परत. (राज्याच्या धोरणाने 2018 मध्ये ज्येष्ठत्वाचं वय साठावर आणलं, एस.टी. मात्र पासष्टीवरच थांबली आहे. ज्येष्ठ नागरिक संघांच्या महासंघाने हा विषय पुन्हा लावून धरावा.)

आमच्या शौचालयाच्या कुलपाची किल्ली आता दाराशेजारच्या खिळ्याला असते. कमोडशेजारी हाताला धरायला दांडीही बसवली. ते गृहस्थ परत आले. व्याख्यानाला अजूनही बसत नाहीत, पण मंगळवारी-शुक्रवारी नव्या लोकांना कॅरम शिकवतात.

पुढच्या कार्यकारिणीच्या सभेला हजेरीवही सोबत न्या. सहा महिन्यांत ज्यांच्या सह्या थांबल्या त्यांची नावं काढा आणि फोन न करता घरी जा. काय कळलं ते 20 तारखेपर्यंत आम्हाला लिहून पाठवा. नावं छापणार नाही. नोव्हेंबरच्या अंकाची चार पानं त्यासाठी राखून ठेवली आहेत.